गुरुवार ते मंगळवार

एनियस बीटनला कुणाला नाही म्हणता येत नसे. अशा माणसानं राजकारणात चार दिवस टिकू नये, पण तो सात वर्षं प्रांताचा मुख्यमंत्री होता, आणि रोनाल्डा मॅकलेलनला विचाराल तर म्हणूनच होता. ज्याला रस्ता हवा त्याला तो रस्ता देतो म्हणे, ज्याला रस्ता नको त्याला नाही करत म्हणे, आणि दोघंही त्याला मत देऊन घरी जात. मग त्या दोघांपैकी एकाला नाही सांगायचं काम रोनाल्डाकडे येई. ती त्याच्या कार्यालयाची प्रमुख. तो साधा आमदार होता तेव्हापासून, म्हणजे सव्वीस वर्षं, हेच खातं ती सांभाळत होती. लोक तिला तोंडावर मान देत आणि पाठीमागे 'फाटक' म्हणत. तिला ते माहीत होतं आणि फारसं वाईटही वाटत नसे. फाटक नसेल तर गुरं आत शिरतात.

त्या शुक्रवारी दोघं तिच्याच गाडीतून ग्लेन ॲरानला निघाले होते. अंत्यदर्शन दोन ते चार, चर्चच्या सभागृहात. एनियसनं आपल्या मतदारसंघातलं एकही अंत्यदर्शन चुकवलं नव्हतं, आणि अशा ठिकाणी सरकारी गाडी घेऊन जाणं त्याला शोभणारं वाटत नसे, म्हणून चाकावर रोनाल्डा. मार्च निम्मा सरला तरी रस्त्याच्या कडेला बर्फाचे काळे ढीग तसेच पडून होते.

गेली होती ती एफी मॅकफी. वय शहाऐंशी. क्रेगमोर वृद्धाश्रमात राहत होती, छातीत ताप भरला आणि चार दिवसांत आटोपली. गावात सगळे म्हणाले, सुटली बिचारी, वय झालं होतं. गाडीतल्या दोघांना मात्र ठाऊक होतं की वयाचा काही संबंध नव्हता.

गोष्ट अशी होती. क्रेगमोरच्या पाण्यात जंतू सापडले होते. पिण्यातून नाही, पण अंघोळीच्या फवाऱ्याच्या वाफेतून म्हाताऱ्या माणसांच्या छातीत उतरणारे. तसा तपासणीचा अहवाल फेब्रुवारीतच आरोग्यमंत्री लॉकी गिलिसच्या टेबलावर आला. लॉकीनं तो वाचला आणि पोटनिवडणूक तोंडावर आहे म्हणून खणात घातला. त्या महिन्यात क्रेगमोरमध्ये दोन म्हातारे छातीच्या तापानं गेले. एफी तिसरी. आणि सगळीकडे अळीमिळी गुपचिळी.

"सोमवारी विधानसभेचं सभागृह भरतंय," रोनाल्डा म्हणाली. "त्याच्या आत लॉकीचा राजीनामा हवा."

"बघू."

"बघू म्हणजे काय, एनियस? मी तुला सांगून दहा दिवस झाले. दहा दिवस तू बघतोयस. घोंगडं किती भिजत ठेवशील, आता कुजायला लागलं."

"पाइप धुतले ना त्यानं. उकळत्या पाण्यानं. फवारे बंद केलेत."

"केले ना. 'दुरुस्तीसाठी बंद' अशी पाटी लावून केले. ज्यांची माणसं गेली त्यांना कुणी सांगितलं? कोंबडं टोपलीखाली घालून ठेवलं म्हणून तांबडं फुटायचं राहतं होय? त्या पेपरवाल्या बाईचा तीनदा फोन आलाय. आज ना उद्या तिला कळणार, आणि तुझ्या तोंडून कळायच्या आधी कळलं तर तू संपलास."

एनियस खिडकीतून बाहेर बघत बसला. तो मोठ्या हाडापेराचा माणूस, पण अडचणीत सापडला की सीटवर कसा लहान होऊन बसे. "लॉकीनं मोरॅगला खांदा दिलाय, रोनाल्डा."

हे येणार हे तिला माहीतच होतं. मोरॅग म्हणजे एनियसची बायको. नऊ वर्षांपूर्वी जानेवारीत गेली. त्या दिवशी सगळीकडे बर्फाची काच झालेली, शववाहिका टेकडी चढेना, तेव्हा सहा जणांनी पेटी खांद्यावर घेऊन दफनभूमीपर्यंत वर नेली. लॉकीचं मनगट मोडलेलं होतं, प्लास्टर होतं, तरी तो पुढे होता आणि मध्ये कुणी खांदा बदलायला आलं तर त्यानं बदलू दिला नाही. त्या भागात माणूस उधारी विसरेल, शिवी विसरेल, पण आपल्या माणसाला खांदा कुणी दिला हे विसरत नाही.

"सहा जणांनी दिला," रोनाल्डा म्हणाली. "बाकीच्या पाचांना तू मंत्री केलं नाहीस."

"तुझं आपलं काहीतरीच."

"काहीतरीच नाही. हाच दुसऱ्या पक्षाचा मंत्री असता तर तू सभागृहात उभा राहून मेज बडवलं असतंस. आपला तो बाब्या, लोकांचं ते कार्टं."

"एफी शहाऐंशीची होती गं."

"ऐंशीच्या वर माणसानं मरावं असा कायदा केलायस का तू? केला असशील तर मला दाखव, मी टाइप केलेला आठवत नाही."

तो हसला. हसायला नको होतं हे लक्षात येऊन लगेच थांबला. रोनाल्डानं पुढचा ट्रक ओलांडला आणि मग सावकाश, लहान मुलाला औषध पाजावं तसं एकेक शब्द सांगितला.

"हे बघ. ज्याला ज्याला माहीत होतं आणि जो जो गप्प बसला, त्याला घरी पाठव. मित्र म्हणून नाही बघायचं, सोयरा म्हणून नाही बघायचं. एक घाव दोन तुकडे. लोक चूक माफ करतात, एनियस. लपवालपवी माफ करत नाहीत."

बोलणं सोन्यासारखं होतं. फक्त बोलणारीचा स्वतःचा एक खण होता आणि तो बंद होता.

ते असं. एनियसला तिनं सांगितलं ते मंगळवारी सकाळी. "आत्ताच कळलं," असं म्हणून सांगितलं. पण तिला कळलं होतं त्याच्या आधीच्या गुरुवारी. आरोग्य खात्यात काम करणाऱ्या एका नात्यातल्या बाईनं घरच्या फोनवर हळूच सांगितलं होतं, "तुझी आई क्रेगमोरमध्ये आहे ना? तिला काढ तिथनं. आणि मी बोलले नाही हं." रोनाल्डानं कारण खोदून काढलं, फोन ठेवला आणि तासाभरात आईला आणायला गेली. आश्रमाच्या बाईंना सांगितलं, थोडे दिवस घरी नेते, घर बदललं की तिला बरं वाटेल. आईच्या, म्हणजे केटी ॲनच्या, खोलीत दुसरी खाट एफीची. सहा वर्षं त्या दोघी एका खोलीत. एफी खिडकीपाशी मोजे विणत बसली होती. तिच्याशी रोनाल्डा दोन शब्द बोलली, आईची पिशवी उचलली आणि निघाली.

पोटनिवडणूक सोमवारी होती. जागा अटीतटीची, आणि ती गेली तर सरकारचं बहुमत गेलं असतं. एनियसला सांगितलं असतं तर त्याच्या चेहऱ्यावर दिसलं असतं, त्याला पोटात काही ठेवता येत नाही. चार दिवसांनी असं काय बिघडतंय, असा तिनं विचार केला. आईला तिथून आणली म्हणजे धोका तिला खरा वाटला होता. गप्प बसली म्हणजे तितका खरा वाटला नव्हता. माणसाच्या डोक्यात ही दोन्ही बिऱ्हाडं सुखानं नांदतात, भांडत नाहीत. सोमवारी जागा एकेचाळीस मतांनी आली. मंगळवारी तिनं सांगितलं. आणि तेव्हापासून ती लॉकीच्या मागे हात धुऊन लागली होती, ते एनियसच्या काळजीनं किती आणि स्वतःच्या पोटातल्या आगीनं किती, हे तिलाही सांगता आलं नसतं.

चर्चच्या सभागृहाच्या दाराशी म्हातारे उभे होते. त्यातला डॅन रोरी काठी आपटत पुढे आला. "आलास का रे मुख्यमंत्र्या? पुलाजवळचा तो खड्डा बघितलास? माझी बरगडी हलली त्यात."

"करून घेतो, डॅन रोरी. या उन्हाळ्यात नक्की."

"घेतोस रे, तू सगळंच करून घेतोस," डॅन रोरी म्हणाला, आणि बाकीचे हसले, एनियसही हसला. यातलं कुणी कुणावर रागावलेलं नव्हतं. खड्डा सहा वर्षांचा होता.

आत ओलसर लोकरीचा आणि चहाचा वास भरला होता. भिंतीशी लांब टेबलावर अंड्याची सँडविचं, खजुराच्या वड्या, ओटची बिस्किटं. दुसऱ्या टोकाला पेटी उघडी होती आणि एफी निळ्या झग्यात, हातात जपमाळ गुंडाळून, पडलेली होती. केस नीट विंचरलेले. रोनाल्डानं गुडघे टेकले, क्रुसाची खूण केली आणि उठली. तिनं चेहऱ्याकडे पाहिलं नाही, हातांकडे पाहिलं.

पेटीच्या उशाशी एफीची मुलगी क्रिस्टीना उभी होती. पन्नाशीची, शाळेच्या बसची ड्रायव्हर, धट्टीकट्टी बाई. रांगेतून येणाऱ्या प्रत्येकाचा हात ती दोन्ही हातांत घेत होती. एनियस पुढे झाला. यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. एफीच्या नवऱ्याची होडी कुठली, थोरला मुलगा खाणीत कधी गेला, सगळं त्याला तारखेनिशी पाठ. क्रिस्टीना रडता रडता हसली. मग तिनं रोनाल्डाला पाहिलं आणि सरळ गळ्यात पडली.

"बरं झालं आलीस गं. आई तुझं नाव काढायची."

"वाईट झालं, क्रिस्टीना."

"तुझी माया कळली हो मला. आईनं सांगितलं सगळं. त्या गुरुवारी केटी ॲनला न्यायला आलीस ना, तेव्हा दारातनं परत वळलीस म्हणे, आणि म्हणालीस, एफी, थोडे दिवस अंघोळ करू नकोस, थंडी फार आहे, छातीत भरेल. पोटच्या पोरीला सुचलं नाही ते तुला सुचलं. आणि छातीतच भरलं बघ शेवटी." तिनं नाक पुसलं. "पण आई कसली ऐकतेय! रविवारची चर्चमधली मिस्सा म्हटली की शनिवारची अंघोळ. जन्मात कधी चुकवली नाही. आमच्या लहानपणी विहीर गोठली तरी बर्फ वितळवून न्हायची."

रोनाल्डा काहीतरी म्हणाली, काय ते तिला नंतर आठवेना.

"कुठल्या गुरुवारी?" शेजारून एनियसनं विचारलं. आवाज अगदी साधा, चौकशीचा.

"अरे, पोटनिवडणुकीच्या आधीचा नाही का? मला पक्कं आठवतं, त्या दिवशी माझी बस बंद पडली होती."

एनियसनं मान हलवली. क्रिस्टीनाच्या मागे उभ्या असलेल्या एफीच्या जावयाशी तो दोन मिनिटं बोलला, एका म्हातारीला खुर्चीवर बसवलं, कुणीतरी पुढे केलेली वडी घेतली आणि खाल्ली. मग रोनाल्डाच्या कोपराला हात लावून तिला कोट टांगायच्या खोलीत घेऊन गेला आणि दार लोटलं. चारी बाजूंनी ओले कोट लोंबत होते.

"मंगळवारी सकाळी तू आलीस," तो म्हणाला, "आणि म्हणालीस, आत्ताच कळलं."

"म्हणाले."

"तेव्हा केटी ॲन कुठं होती?"

"माझ्या घरी."

"कधीपासून?"

"गुरुवारपासून." लपवण्यात आता काही राम नव्हता. ताकाला आलेली बाई होती ती, आणि भांडं समोरच्यानं पाहिलं होतं.

"तुला कुणी सांगितलं ते नाव मला नको. सांगू नकोस. एफीला काय म्हणालीस ते फक्त सांग."

"तिनं आत्ता सांगितलं तेच. मला पुढं बोलता येईना. आणि काहीच न बोलता निघताही येईना."

"मग थंडीचं सांगितलंस."

"थंडीचं सांगितलं."

एनियस एका कोटाची बाही हातात धरून उभा होता, कुणाचा कोट होता देव जाणे. "एकेचाळीस मतांसाठी, रोनाल्डा?"

"तेव्हा किती येणार ते माहीत नव्हतं," ती म्हणाली, आणि म्हणता म्हणताच तिला ते किती वाईट आहे ते ऐकू आलं. मग ती चवताळली. "आणि तू? तू दहा दिवस बसून राहिलास, त्याचं काय? मी चार दिवस गप्प होते, तू दहा! लॉकीच्या मोडक्या मनगटाचं कौतुक सांगत बसलास!"

"बसलो. सोमवारी सभागृहात उभा राहून तेच सांगणार आहे. किती दिवस बसलो ते तारखेनिशी सांगेन. माझं काय करायचं ते मग पक्ष ठरवील." त्यानं बाही सोडली. "पण मघाशी गाडीत तू एक म्हणालीस. ज्याला ज्याला माहीत होतं आणि जो जो गप्प बसला."

रोनाल्डानं दाराकडे पाहिलं.

"म्हणालीस ना?"

"म्हणाले."

"मग तुझाही राजीनामा मला पाचच्या आत हवा."

सव्वीस वर्षांत त्यानं तिला 'हवा' असं कधी म्हटलं नव्हतं. 'जमेल का', 'बघशील का', 'तुला काय वाटतं', हीच त्याची भाषा. रोनाल्डाला आधी राग आला, असा की कानशिलं तापली. ज्याच्यासाठी लग्न राहिलं, घर राहिलं, ज्याच्या वाटचे शिव्याशाप खाल्ले, तो हा? लाज मागून आली, पण आली ती बसायलाच आली. दहा दिवस ती ज्या माणसाची वाट बघत होती तो माणूस समोर उभा होता आणि त्याला नेमकं तिनंच शिकवलं होतं.

"देते," ती म्हणाली.

त्यानं तिथंच फोन काढला. ती बाहेर जायला वळली, तर त्यानं हातानंच थांब म्हटलं. पलीकडचा लॉकी तिला ऐकू येत नव्हता, फक्त हाच ऐकू येत होता.

"लॉकी, मी बोलतोय... ग्लेन ॲरानला. एफी मॅकफीकडं... हो, तीच... नाही, आता भेटून नाही बोलायचं... नाही... नाही, लॉकी. क्रेगमोरचा अहवाल मी सोमवारी सभागृहात ठेवतोय, त्यावर तुझ्या सहीची तारीख आहे." मग तो नुसता ऐकत राहिला. त्याचे डोळे भरून आले, ते त्यानं पुसले नाहीत. "खांद्याचं मी विसरलो नाही. मरेपर्यंत विसरणार नाही. माझ्या वेळेला तू खांदा देणार नाहीस, हेही मला कळतंय. राजीनामा पाचच्या आत पाठव."

फोन खिशात ठेवून तो भिंतीला टेकला. झालं काम दोन मिनिटांत. दहा दिवस दोन मिनिटांच्या कामासाठी लागले होते, आणि दोन मिनिटांनी तो दहा वर्षांनी म्हातारा दिसत होता.

"आता एफीच्या पोरीला सांगायला हवं," तो म्हणाला. "पेपरातून कळायला नको. मी सांगतो."

"तू नको. मी सांगते."

"तू?"

"तू सांगितलंस तर ते सरकारनं सांगितल्यासारखं होईल. थंडीचं मी बोलले. मीच सांगते."

त्यानं हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. फक्त दारातून बाजूला झाला.

सभागृहाच्या मागे स्वयंपाकाची खोली होती. बायकांनी क्रिस्टीनाला घटकाभर पाय मोकळे करायला आत नेऊन बसवलं होतं आणि चहा हातात दिला होता. रोनाल्डा आत आली आणि म्हणाली, जरा आम्हाला दोघींना बसू द्या. बायकांना वाटलं, जुनी माणसं आहेत, रडायचं असेल. त्यांनी बशा उचलल्या आणि त्या बाहेर गेल्या.

रोनाल्डा समोरच्या स्टुलावर बसली. बोलण्यात तिचा हातखंडा होता, कितीतरी मंत्र्यांची भाषणं तिनं लिहिली होती. त्यातलं एक वाक्य कामाला येईना.

"क्रिस्टीना, मी तुझ्या आईला थंडीचं म्हणाले ते खोटं होतं."

"म्हणजे?"

"क्रेगमोरच्या पाण्यात जंतू होते. फवाऱ्याच्या वाफेतून छातीत जातात. लॉकीला फेब्रुवारीतच कळलं होतं, त्यानं दाबून ठेवलं. मला त्या गुरुवारी कळलं. म्हणून मी माझ्या आईला घरी आणलं. तुझ्या आईला खरं सांगायचं होतं आणि मी सांगितलं नाही, कारण सोमवारी पोटनिवडणूक होती. एनियसलाही मी मंगळवारीच सांगितलं. तो सोमवारी हे सगळं सभागृहात सांगणार आहे. त्याच्या आधी तुला माझ्या तोंडून कळावं म्हणून आले."

क्रिस्टीनानं कप ओट्यावर ठेवला. ठेवताना तो हलला आणि थोडा चहा बशीत सांडला. ती ओरडेल, तोंडात मारेल, या दोन्हीला रोनाल्डा तयार होती. खरं सांगायचं तर तिला त्यातलं काहीतरी हवंच होतं. पण क्रिस्टीना बशीतल्या चहाकडे बघत राहिली.

"मघाशी मी म्हटलं ना, आईनं ऐकलं नाही म्हणून," ती म्हणाली.

"हो."

"ती ऐकणार होती. शनिवारी दुपारी तिचा फोन आला होता मला. म्हणाली, क्रिस्टीना, रोनाल्डा अशी का म्हणाली असेल गं? ती उगाच तोंड उघडणारी बाई नाही. दारातनं परत फिरून सांगितलंन. मी न्हाऊ की नको?"

बाहेर कुणीतरी खुर्च्या सरकवत होतं.

"मी बस धूत होते, माझ्या हाताला साबण. मी म्हटलं, अगं आई, थंडीचं म्हणत असेल ती, तिथं हीटर आहे की. जा, घे न्हाऊन. मिस्सेला काय पारोशी जाणार आहेस?"

रोनाल्डानं हात पुढे केला. क्रिस्टीनानं तो घेतला नाही, झिडकारलाही नाही. तेवढ्यात दार ढकलून एका बाईनं डोकं आत घातलं आणि हळूच म्हणाली, क्रिस्टीना, खाणीवरची माणसं आलीत गं, रांग दारापर्यंत गेलीय. क्रिस्टीना उठली, झग्याला हात पुसले आणि आईच्या उशाशी उभं राहायला बाहेर गेली.